किरमिजी रंगाची मागणी

मुक्काम मनामा, श्रावण वद्य सप्तमी, शके अठराशे सहा.
काळबादेवीचे रंगवाले शेट मेहेरवानजी यांस
बाबाजी अर्जुन लोटलीकर याचा रामराम. वि. वि.

गेल्या बोटीने पाठवलेला पांढरा परत धाडतो आहे.
मोत्यांचा पांढरा
आता मला लागत नाही.

भुलेश्वरातली माझी पाटी तुम्ही पाहिलीत:
‘हुबेहूब तसबिरी करून मिळतील.’
हुबेहूब म्हणजे काय
ते गिऱ्हाइकाला ठाऊक, मला ठाऊक.
देवीचे व्रण पुसायचे चार आणे वेगळे,
तिरळा डोळा सरळ करायचे आठ,
आणि मेलेल्या वडिलांना
हयातीत न मिळालेली पगडी चढवायची
त्याचा रुपया.

इथे आलो तो तीन भाटिया व्यापाऱ्यांच्या बोलावण्यावरून.
पहिल्याने गळ्यात मोती मागितले,
तिजोरीत होते त्याच्या दुप्पट. दिले.
दुसरा तसबीर ओली असतानाच वारला.
तिसऱ्याचे दिवाळे निघाले.
उरलो मी, हा उकाडा, खजुराच्या झावळ्यांची खोली
आणि परतीच्या भाड्यात कमी पडणारे सतरा रुपये.

तेव्हा डॉक्टर विदरबी भेटला.
पाणबुड्यांच्या रोगांवर पुस्तक करतो आहे,
त्यात रंगीत चित्रे हवीत.

पहिल्या दिवशी एक पाठ काढली.
हात सवयीने फिरला:
फोड थोडे कमी, खांदा थोडा गोल,
खारवलेल्या कातडीला तेलाची तकाकी.
डॉक्टर बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.
म्हणाला, “मिस्टर लोटलीकर, हा मनुष्य बरा झालेला आहे.
मी तर त्याला अजून औषधच दिलेले नाही.”

शेटजी, माझ्या कामाला आजवर कोणी
इतके वाईट म्हटले नव्हते.

तेव्हापासून मोजतो.
फोड एकोणतीस तर एकोणतीस.
एका पायातला नारू नऊ दिवस काढला,
कंपाउंडर तो काडीवर रोज बोटभर गुंडाळी,
मी कागदावर रोज बोटभर वाढवी.
व्यापाऱ्याच्या नाकाकडेही
मी इतका वेळ पाहिले नव्हते.

किरमिजी संपला तो मर्जानच्या कानात.
मर्जान म्हणजे पोवळे.
हे नाव मालकाने ठेवलेले. आधीचे विचारले
तर तो ऐकू आले नाही असे दाखवतो,
आणि डाव्या बाजूने ते खरेही असते.
आठ वाव पाण्याखाली पडदा फाटला,
तरी त्या दिवशी त्याने आणखी चाळीस बुड्या मारल्या.
डावा कान दोन बैठकींत झाला.
पू, रक्त, आतली ओली वाट, सगळे जसेच्या तसे.

मर्जानने कागद उलटा धरला, मग सुलटा.
विचारले, “उजवा कुठे आहे?”
उजव्याला काही झालेले नाही, मी म्हटले.
“म्हणूनच,” तो म्हणाला.

डॉक्टर जेवायला गेला होता.
मी उजवा कान काढायला बसलो.
पुसायला काही नव्हते.
मोजायला काही नव्हते.
पाळीवर ऊन होते, ऊन पलीकडून दिसत होते,
आणि माझा हात, वीस वर्षांचा सरावलेला,
पोरासारखा कापत होता.

तो कागद त्याने नेला,
नाकाच्या चिमट्याच्या पिशवीत घडी घालून.
दुसऱ्या दिवशी त्यांचे गलबत सुटले.
एव्हाना भिजला असेल.

तरी किरमिजी दोन तोळे, अस्सल, पाठवावा.
हिंगूळ नको. हिंगुळाने काढलेले मांस
बाजारातल्या वहाणेसारखे दिसते.
पांढऱ्याचे पैसे मागच्या बाकीत वळते करावे.
उजव्या कानाला लागलेला रंग
डॉक्टरच्या खात्यावर धरू नये.

ता. क. भुलेश्वरच्या पाटीचे भाडे विचारले होतेत.
उतरवून ठेवा.
फळी शिसवी आहे, चिरफाळू नये.
मागची बाजू कोरी आहे.